फळी, भोपळा आणि केळीचं खोड

पाण्यावर खेळायच्या फळ्यांचा इतिहास रावेरच्या माणसानं लिहायला घ्यावा, हे जैसलमेरच्या माणसानं छत्र्यांवर ग्रंथ लिहिण्यासारखं आहे, हे मला मान्य आहे. आमच्या तालुक्याला समुद्र नाही. समुद्र कुठे आहे असं विचारलं की आमच्याकडची जुनी माणसं तापीकडे हात करून "ही जाते तिकडे" एवढंच सांगत. सुरतेच्या पुढे ती काय करते, याची चौकशी करायला कोणाला सवड नव्हती. आमचा लौकिक केळीचा. रावेर-सावद्याची केळी पार दिल्लीपर्यंत जातात आणि शेतात मागे राहतं ते खोड. या विषयातला माझा सगळा अधिकार त्या खोडावर उभा आहे. उभा म्हणजे फार वेळ नव्हे. खोड गोल असतं.

तसं पाहिलं तर सपाट निर्जीव वस्तूवर बसून तोल न जाऊ देता पुढे सरकणं, ही विद्या आमच्या परिसराला अगदीच अनोळखी नाही. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचं देऊळ आहे. चांगदेव वाघावर बसून निघाले तेव्हा ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडं भिंतीवर बसून त्यांना सामोरी गेली, ही कथा पोरासोरांना ठाऊक. त्यातल्या मुक्ताबाईंचं देऊळ इथून जवळ, मुक्ताईनगरला. आता ती भिंत पाण्यावर चालली नाही, हे खरं. पण फळीवर स्वार होणाऱ्या कुठल्याही विलायती इतिहासकारानं तिला निदान तळटीप द्यायला हरकत नव्हती.

विलायती इतिहास सुरू होतो हवाई बेटांपासून. तिथे लाटेवर स्वार व्हायच्या फळ्या फार पूर्वीपासून होत्या आणि त्यांतही जातपात होती. सरदार-राजेलोकांसाठी 'ओलो' नावाची लांबलचक फळी, बाकीच्यांसाठी 'अलाया' नावाची आखूड, पातळ फळी. ओलो करत विलीविली नावाच्या झाडाच्या हलक्या लाकडाची. हे विलीविली म्हणजे कोण, हे कळल्यावर मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. आपल्या पांगाऱ्याच्याच कुळातलं झाड आहे ते! सख्खं चुलत भावंड म्हणा. आणि आपल्याकडे, विशेषतः घाटावरच्या गावांत, पोराला विहिरीत ढकलण्यापूर्वी त्याच्या कमरेला काय बांधत? पांगाऱ्याचा बिंडा. म्हणजे हवाईचा राजा आणि आपल्याकडचा शेंबडा पोरगा एकाच घराण्याच्या लाकडावर तरंगत होते. राजा त्यावर उभा राहत होता आणि पोरगा "बुडलो, बुडलो" म्हणून ओरडत होता, एवढाच काय तो फरक.

आमच्या भागात पोहणं शिकवायची साधनं दोन. एक, वाळलेला भोपळा. दुसरं, झाळून बंद केलेला पत्र्याचा रिकामा डबा. भोपळा जुन्या मताचा, डबा सुधारकी मताचा. डब्याला कुठे बारीक भोक राहिलं असेल तर ते विहिरीच्या मधोमध कळे. शिवाय काठावर एक काका किंवा मामा मोटेचा जुना नाडा हातात धरून उभे असत. त्याचं दुसरं टोक आमच्या कमरेला. आम्ही दोन गटांगळ्या खाल्ल्या की ते नाडा ओढत, पण लगेच नाही. आधी काठावरच्या मंडळींशी चाललेलं बोलणं पूर्ण करत.

आता ऐका. टॉम ब्लेक नावाचा एक अमेरिकन पोहणारा १९२० च्या दशकात हवाईत गेला. तिथल्या जुन्या फळ्या त्यानं पाहिल्या. त्या भयंकर जड. ड्यूक कहानामोकू, म्हणजे १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरचं सुवर्णपदक मिळवणारा आणि सर्फिंग हा खेळ जगभर नेणारा महापुरुष, १९३० साली स्वतःसाठी १६ फुटी फळी करून बसला. तिचं वजन ११४ पौंड, म्हणजे अर्ध्या क्विंटलच्या वर. समुद्रापर्यंत नेतानाच माणसाचा खेळ व्हायचा. ब्लेकनं फळीला आरपार शेकडो भोकं पाडली, वरून पातळ लाकूड चिकटवून ती बंद केली आणि फळी हलकी झाली. पुढे त्यानं सरळ आतून पोकळ फळी बांधली आणि १९३२ साली तिचं पेटंट घेतलं. पोकळ वस्तू तोंड बंद केली की तरंगते! आमच्या डब्याला हे आधीच माहीत होतं, पण डबा बोलत नाही.

ब्लेकवर मी उगाच अन्याय करणार नाही. त्याची दुसरी करामत खरोखर त्याची. जुनी फळी लाटेवर आडवी घसरायची, वळवायची तर पाय पाण्यात घालून ओढायला लागायचा. १९३५ साली त्यानं एका मोडक्या मोटारबोटीचा धातूचा कणा काढून फळीच्या मागे खाली उभा बसवला. माशाच्या परासारखा. फळी एकदम शहाण्यासारखी सरळ जायला लागली. तेव्हापासून पराशिवाय फळी नाही. १९८० च्या सुमारास सायमन अँडरसन या ऑस्ट्रेलियनानं तीन पर बसवले आणि ती पद्धत आजही जगभर चालते. त्यानं पेटंट घेतलं नाही.

आमच्या मामांच्या नाड्याचाही विलायती अवतार आहे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत सर्फर पडला की त्याची फळी लाटेबरोबर किनाऱ्याला जायची आणि हा मागून पोहत. कॅलिफोर्नियातल्या पॅट ओनील या तरुणानं फळीला रबरी दोरी लावून ती अंगाला बांधली. बाकीचे सर्फर त्याला हसले. पोहता न येणाऱ्यांची दोरी म्हणाले. रबर ताणलं जाऊन फळी उलटी अंगावर यायची, आणि अशाच एका माराला त्याच्या वडिलांचा, जॅक ओनीलचा, डावा डोळा गेला. हे वडील म्हणजे गारठ्यात घालायचे रबरी पोशाख सर्फरांना विकून नाव कमावलेले गृहस्थ. नंतर दोरी कमी ताणणारी झाली, घोट्याला बांधायला लागले आणि हसणारेही बांधायला लागले. आमचा नाडा काथ्याचा. तो ताणत नसे. फक्त कापे.

या सगळ्या इतिहासात मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी की यातले बरेचसे शोध आईच्या किंवा बायकोच्या सामानावर डल्ला मारून लागले आहेत. राल्फ सॅम्युअलसन हा मिनेसोटातला अठरा वर्षांचा पोरगा. बर्फावर घसरतात तसं बोटीमागे पाण्यावर का घसरू नये, हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. आधी पिंपाच्या फळ्या पायाला बांधून पाहिल्या, मग बर्फावरच्या पट्ट्या. दोन्हींनी त्याला तळ दाखवला. मग पाईनच्या दोन आठ फुटी फळ्या आणल्या आणि त्यांची टोकं आईच्या तांब्याच्या हंड्यात उकळून वर वाकवली. १९२२ च्या उन्हाळ्यात पेपिन सरोवरावर, भाऊ बोट हाकत असताना, तो पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंगचा जन्म झाला. त्या हंड्याचं पुढे काय झालं, हे इतिहासकार सांगत नाहीत. कुठलीही आई सांगू शकेल. सॅम्युअलसननं पेटंट घेतलं नाही. १९२५ साली दुसऱ्याच माणसानं, फ्रेड वॉलरनं, तशा पट्ट्यांचं पेटंट घेतलं. सॅम्युअलसन टर्की कोंबड्या पाळत बसला आणि या खेळाचा जनक तोच, हे तिथल्या संघटनेनं १९६६ साली मान्य केलं. चव्वेचाळीस वर्षांनी!

टॉम मोरीचं तसंच. १९७१ सालच्या जुलैत हवाईत त्यानं फोमचा एक मोठा तुकडा विजेच्या सुरीनं कापला आणि त्याला आकार द्यायला घरातली कपड्यांची इस्त्री घेतली. इस्त्री चिकटू नये म्हणून मध्ये वर्तमानपत्र घातलं. पालथं पडून लाटेवर जायची छोटी मऊ फळी तयार झाली. इस्त्रीचे कपडे त्या दिवशी कोणी घातले असतील असं वाटत नाही.

आता आमचं खोड. केळीच्या खोडात लाकूड नसतंच. पानांचे देठ एकावर एक गुंडाळलेले असतात आणि त्यांत हवेचे कप्पे. म्हणून ते तरंगतं. १९५८ पासून अमेरिकेत होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी सर्फबोर्डासाठी जो फोम ओतायला सुरुवात केली, त्याचंही मर्म हेच, हवेचे बुडबुडे. मात्र फोम वर्षानुवर्षं टिकतो आणि खोड चार दिवसांत कुजून वास मारतं. शिवाय ते पाण्यात लोळण घेतं. त्यावर उपाय आमच्या मामेभावानं काढला. दोन-तीन खोडं शेजारी ठेवून त्यांतून बांबूच्या अणकुचीदार काड्या आरपार ठोकल्या. लोळण बंद. बंगालात आणि आसामात असे तराफे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. तिथल्या मनसामंगल काव्यातली बेहुला सर्पदंशानं मेलेल्या नवऱ्याला घेऊन केळीच्या तराफ्यावरूनच निघते. तमिळनाडूत ओंडके बांधून लाटांवरून जातात. त्यांच्या 'कट्टुमरम'वरून, म्हणजे बांधलेलं लाकूड यावरून, इंग्रजांचा कॅटामरान झाला. मामेभावाला यातलं काही माहीत नव्हतं. तो सातवीत होता, दुसऱ्यांदा.

१९६४ सालच्या भाद्रपदात पूर ओसरल्यावर त्यानं त्या तराफ्यावर बांबू उभा केला आणि त्याला आजीचं लुगडं बांधलं. मी मागे बसलो. तापी पश्चिमेला वाहते आणि पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. पाणी म्हणे खाली चल, लुगडं म्हणे वर चल. या भांडणात तराफा पंधरा-वीस मिनिटं जागच्या जागी थरथरत उभा होता. तेवढ्यात काठावर आजी आली आणि तिनं आपलं लुगडं ओळखलं. पुढचा भाग तांत्रिक नाही.

हे सांगायचं कारण, शीड लावलेल्या फळीवरून पुढे मोठं रामायण झालं. अमेरिकेत न्यूमन डार्बी या पाट्या रंगवणाऱ्यानं तशी फळी केली आणि १९६५ साली एका मासिकात ती कशी करायची ते छापून टाकलं. म्हणजे आम्ही एक वर्ष पुढे! १९६८ साली हॉयल श्वाइट्झर आणि विमानविद्येतले जिम ड्रेक यांनी फिरत्या सांध्यावर उभ्या डोलकाठीच्या फळीसाठी अर्ज केला आणि १९७० साली पेटंट मिळवलं. युरोपात त्या फळ्यांचा धुमाकूळ झाला, १९८४ च्या ऑलिंपिकमध्ये तो खेळ गेला. जो कोणी फळी करील त्याच्यावर खटला. अशा एका खटल्यात १९८५ साली लंडनच्या अपील कोर्टापुढे पीटर चिल्व्हर्सची हकिगत आली. १९५८ साली, बारा वर्षांचा असताना, त्यानं हेलिंग बेटाजवळ प्लायवुडची फळी, एक काठी, तंबूचं कापड आणि पडद्याच्या कड्या एवढ्यावर शिडाची फळी चालवली होती. लोकांनी ती पाहिली होती. कोर्टानं म्हटलं, पोराचा खेळ असला तरी वस्तू तीच, उघड्यावर वापरलेली. ब्रिटनमधलं पेटंट रद्द.

चिल्व्हर्समुळे आम्ही सहा वर्षांनी मागे पडलो, हे कबूल. पण वाचून बरं वाटलं. एका कागदावर कंपन्या उभ्या राहिल्या आणि एका पोराच्या पडद्याच्या कड्यांनी तो कागद फाडला. आम्हाला कोर्टानं बोलावलं असतं तर साक्षीदार म्हणून आजी आणि काठावरची म्हैस दोघी होत्या. त्यांतली आजी उलटतपासणीत कोणालाच आवरली नसती.

आता मात्र साक्षीदार असून आरोपी मिळायचे नाहीत. सातपुड्याच्या पायथ्याला आमच्या जमिनीखाली दगडगोट्यांचा जाड थर आहे. पाणी मुरवणारा. त्याच पाण्यावर केळी पोसली. मोटा गेल्या, पंप आले, कूपनलिका आल्या आणि पाणी खोल खोल निघून गेलं. ज्या विहिरीत आम्ही गटांगळ्या खाल्ल्या तिच्या तळाला आता बाभळीचं झाड आहे. आणि कूपनलिकेत कोणाला पोहायला शिकवता येत नाही. तिचं तोंड भोपळ्यापेक्षा लहान असतं. पोरांना तालुक्यात पोहण्याचं पाणी उरलं ते हतनूर धरणाच्या फुगवट्यात. धरणाला ४१ दरवाजे आहेत आणि पाणी चांगदेवाच्या देवळापर्यंत पसरतं. पण तिथे पायाखाली गाळ, आणि काठावर नाडा धरून उभा असलेला मामा नाही. दरवर्षी कोणाचं ना कोणाचं पोर तिथून परत येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात तिकडे गेलो तर एक नऊ-दहा वर्षांचं पोरगं कमरेला काहीतरी बांधून पाण्यात उतरत होतं. नीट पाहिलं. खाद्यतेलाचे दोन रिकामे प्लॅस्टिकचे डबे, बूच घट्ट लावलेले, आणि ते एकमेकांना जोडायला ठिबकची जुनी नळी. नळी अशी वळवली होती की डबे पोटाशी न येता काखेखाली राहत आणि हात मोकळे. आमच्या एका डब्याला हे कधी जमलं नव्हतं. एका बाजूला कलायचो.

मी विचारलं, "कारे भो, हे कोनी शोधलं?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. "शोधलं नही आजोबा," तो म्हणाला, "शेतात पडेल होतं."

आणि गेला पाण्यात. मी चपला काढून काठावर बसलो, तो बाहेर येईपर्यंत.