टाळेबंदीतील रविवार

मुंबईच्या उपनगरांत रविवारची पहिली खूण म्हणजे लोकल न पकडणे. अंधेरी असो वा बोरिवली, मुलुंड असो वा घाटकोपर, आठवडाभर ज्या गाडीच्या वेळेवर घर हलते, ती एक दिवस बिनदिक्कत सोडून देता येते, यातच सुट्टीचे निम्मे सुख असते. २२ मार्च २०२० हा जनता कर्फ्यूचा रविवार. त्या मध्यरात्रीपासून लोकल थांबल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. जाणेच उरले नाही, तेव्हा न जाण्याचे अप्रूप कुठले!

२८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांचे 'रामायण' पुन्हा दाखवण्यास प्रारंभ केला. १९८७ मध्ये ज्या मालिकेसाठी रविवारी सकाळी रस्ते ओस पडत, ती आता रोज सकाळी नऊ आणि रात्री नऊ वाजता लागू लागली. विरंगुळा झाला खरा. पण रोज मिळणाऱ्या गोष्टीने रविवार वेगळा कसा ठरावा?

दोन खोल्यांच्या घरात कार्यालय, शाळा आणि स्वयंपाक एकाच टेबलावर आला, तेव्हा तर वारांचा हिशेबच चुकू लागला. अशा वेळी उपयोगी पडले ते साधे निर्बंध. शुक्रवारी रात्री लॅपटॉप कपाटात ठेवायचा, तो सोमवारीच काढायचा. कांदेपोहे किंवा थालीपीठ, जे रविवारचे ठरले ते इतर दिवशी करायचे नाही. सुट्टीच्या पदार्थांची जबाबदारी घरातील स्त्रीवरच पडणार असेल, तर मात्र तिला सुट्टी कसली? भाजी निवडणे, भांडी घासणे यांची वाटणी हा या बेतातील सर्वांत महत्त्वाचा भाग. अर्थात परिचारिका, सफाई कामगार, बेस्टचे चालक-वाहक यांच्या घरी हा प्रश्नच वेगळा होता. आणि ज्यांची रोजी बुडाली, त्यांना तर प्रत्येक दिवस सक्तीचा रविवार होता.

७ जून २०२० पासून वृत्तपत्रे घरपोच देण्यास परवानगी मिळाली. तो दिवस नेमका रविवार. पुरवणीची पाने घरात वाटून घेण्याची जुनी चढाओढ त्यामुळे पुन्हा शक्य झाली.

एप्रिल २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, राज्य शासनानेच शुक्रवारी रात्री आठ ते सोमवारी सकाळी सात अशी कडक संचारबंदी लावली. आठवडाअखेरची सीमारेषा इतकी काटेकोर पूर्वी कधीच नव्हती! लसीच्या दोन मात्रा घेऊन चौदा दिवस उलटलेल्या सर्वसामान्यांना लोकलची दारे उघडली ती १५ ऑगस्ट २०२१ रोजी. तोही रविवारच.