पुढचा ब्रेक दाबू नको!

बाइक शिकताना हे वाक्य कुणी ऐकलं नाही? मागे मामा बसलेला, आणि त्याचा एकच मंत्र: पुढचा दाबू नको, तोंडावर पडशील. तर मंडळी, आजची गोष्ट त्या भीतीची.

साल 1958, इंग्लंड. विमानांसाठी बनवलेली डनलॉपची मॅक्सारेट यंत्रणा रॉयल एनफील्डच्या सुपर मीटिअरवर बसवून पाहिली गेली. चाक जाम व्हायला लागलं की ब्रेक क्षणभर सैल, मग पुन्हा आवळायचा. एबीएसचं तत्त्व हेच. पण ती बाजारात आलीच नाही. पुढची 30 वर्षं सगळा भार चालवणाऱ्याच्या हातावर.

तो हात कसा होता? हॅरी हर्ट यांनी लॉस एंजेलिसमधले 900 अपघात तपासले, 1981 मध्ये अहवाल आला. लोक मागचा ब्रेक करकचून दाबून चाक घसरवत होते, पुढचा पुरेसा वापरतच नव्हते. 92 टक्के जण स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले. म्हणजे मामा तिकडेही होताच! आणि सावरायला वेळ? दोन सेकंदांहून कमी.

1988 मध्ये बीएमडब्ल्यूच्या के100वर इलेक्ट्रॉनिक एबीएस आलं. आपल्याकडे 125 सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या बाइकना ते एप्रिल 2019 पासून सक्तीचं झालं. पण गंमत बघा, सिंगल चॅनल एबीएस फक्त पुढच्या चाकाला सांभाळतं. मामाचं ऐकून पुढचा दाबलाच नाही, तर ते बिचारं करणार काय? मागचं चाक घसरणार ते घसरणारच.

तुमची बाइक सिंगल की ड्युअल? आज खाली उतरून बघाच.