सॅमनचे स्थलांतर व शरीरक्रियाविज्ञान
माशांच्या हालचाली व त्यांच्या शरीरक्रिया यांचा संबंध ज्या अभ्यासांतून स्पष्ट झाला, त्यांत कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील फ्रेझर नदीतील सॉकाय सॅमनच्या अभ्यासाला महत्त्वाचे स्थान आहे. हा मासा गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात वाढतो व बहुधा चौथ्या वर्षी अंडी घालण्यासाठी जन्मस्थानाकडे परततो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेत नाही. त्यामुळे प्रवाहाविरुद्धचा प्रवास, जननग्रंथींची वाढ व प्रजनन यांसाठी लागणारी सर्व ऊर्जा शरीरातील साठ्यातूनच पुरवावी लागते.

मुखापासून सु. २०० किमी. वरील हेल्स गेट ही घळई रेल्वेमार्गाच्या बांधकामातील दगडमातीमुळे १९१३ मध्ये अरुंद झाली आणि १९१४ मध्ये तेथे दरड कोसळली. प्रवाहाचा वेग वाढून असंख्य मासे खालीच अडकले व पुढील काळात सॉकायची संख्या फार घटली. विल्यम टॉमसन यांनी हे अडथळ्याचे फळ मानले, तर डब्ल्यू. ई. रिकर यांनी १९४७ मध्ये त्या पुराव्याविषयी शंका घेतली. दरम्यान १९४५-४६ मध्ये तेथे मत्स्यमार्ग बांधण्यात आले होते.

मासा किती वेगाने व किती वेळ पोहू शकतो, या प्रश्नाचे उत्तर प्रयोगशाळेत मिळाले. एफ्. ई. जे. फ्राय यांनी १९४७ मध्ये कमाल व किमान चयापचयातील फरक हे प्राण्याच्या क्रियाशीलतेचे माप मानले. एडगर ब्लॅक यांनी १९५० नंतरच्या दशकात तीव्र श्रमानंतर माशांच्या रक्तात लॅक्टिक अम्ल साचते व काही मासे नंतर मरतात, हे दाखविले. जे. आर्. ब्रेट यांनी बंदिस्त नळीतील प्रवाहाचा वेग टप्प्याटप्प्याने वाढवून लहान सॉकायचा ऑक्सिजन-वापर मोजला (१९६४). सु. १५° से. तापमानास त्यांची पोहण्याची क्षमता सर्वाधिक आढळली. त्याहून उष्ण पाण्यात विश्रांतीचा खर्च वाढतो, परंतु ऑक्सिजनचा पुरवठा त्या प्रमाणात वाढत नाही. संथ पोहणे तांबड्या स्नायूंवर चालते. जोरदार झेपेस पांढरे स्नायू लागतात व ते लवकर थकतात.

एरिका एलिआसन व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये फ्रेझरमधील निरनिराळ्या समूहांची तुलना केली. ज्यांचा प्रवास अधिक खडतर, त्यांचे हृदय मोठे, त्याचा रक्तपुरवठा चांगला व ऑक्सिजन वापरण्याची क्षमता अधिक, असे त्यांना आढळले. तापमानसहिष्णुताही समूहागणिक भिन्न असल्यामुळे नदीचे पाणी तापल्यास सर्व समूहांची हानी सारखी होणार नाही.

याच नदीवर बिग बार येथे २०१८ च्या अखेरीस दरड कोसळल्याचे जून २०१९ मध्ये लक्षात आले. तेथे सु. ५ मी. उंचीचा धबधबा निर्माण होऊन माशांचा मार्ग पुन्हा अडला. खडक फोडण्याबरोबरच हेलिकॉप्टरने मासे वर पोहोचवावे लागले. अडथळ्यापाशी खर्च झालेली ऊर्जा उपाशी माशाला पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून मत्स्यमार्गाची उपयुक्तता केवळ किती मासे पार झाले यावरून नव्हे, तर ते अंडी घालण्याइतपत सक्षम उरले का, यावरून ठरते.