छातीचा फोटो

खोकला महिनाभर हटेनासा झाला, की आपल्या घरांतून जो शब्द सर्वांआधी उच्चारला जातो, तो ‘छातीचा फोटो’. ‘क्ष-किरण’ हा ग्रांथिक शब्द पाठ्यपुस्तकात राहिला, ‘एक्स-रे’ दवाखान्याच्या पाटीवर चढला. पण जिन्यात भेटलेल्या शेजाऱ्याला सांगायचे ते ‘काल छातीचा फोटो काढला, डाग निघाला’ असेच. शास्त्रदृष्ट्या हा शब्द सदोष आहे खरा; कारण फोटोत वस्तूवरून परतलेला प्रकाश टिपला जातो, आणि येथे तर देहाच्या आरपार गेलेल्या किरणांनी मागे ठेवलेली केवळ सावली असते. तरीही या चित्राची कुळकथा पाहू गेले, की लोकांनी हा शब्द अगदीच अडाणीपणाने स्वीकारला नव्हता असे आढळून येते.

फुप्फुसे ही बरगड्यांच्या कोटात बंदिस्त, आणि त्या कोटाच्या आतला मजकूर वैद्यांना शतकानुशतके बाहेरूनच काढावा लागला. व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटे वाजवून आत हवा आहे की पाणी, हे ओळखण्याची रीत १७६१ मध्ये प्रसिद्ध केली. खाणावळवाल्याच्या या मुलाला ती पिंपे ठोकून पाहण्याच्या घरच्या सवयीतून सुचली, असे सांगतात. पॅरिसच्या लेनेकने १८१६ मध्ये कागदाची गुंडाळी रुग्णाच्या छातीला लावली आणि तिच्यातून स्टेथोस्कोप जन्मला. हे दोन्ही उपाय कानाचे. डोळ्याला मात्र तेथे मज्जावच होता.

तो मज्जाव ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्त्सबर्ग येथे उठला. काळ्या पुठ्ठ्याने पूर्ण झाकलेल्या नळीतून विद्युत्प्रवाह सोडला असता दूरवरचा रासायनिक लेपाचा पडदा अंधारात उजळला, हे पाहून प्राध्यापक रॉन्टगेन यांनी पुढील काही आठवडे प्रयोगशाळेतच जवळजवळ मुक्काम ठोकला, आणि २२ डिसेंबरला आपल्या पत्नीचा हात प्रकाशचित्राच्या काचेवर ठेवून तिच्या बोटांची हाडे व त्यांवरची अंगठी जगाला दाखविली. किरणांचे स्वरूप अज्ञात, म्हणून त्यांनी बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्यांना दिले. आपल्या बीजगणितात ते अक्षर ‘क्ष’, म्हणून मराठीत ते क्ष-किरण झाले. ज्या क्षयाच्या तपासासाठी हे किरण पुढे दशकानुदशके राबले, त्या रोगाचे आद्याक्षरही तेच निघावे, हा योगायोग मला प्रत्येक वेळी थबकवितो. रॉन्टगेन यांनी या शोधाचे एकस्व घेतले नाही, ही गोष्ट गरिबांच्या दवाखान्यांनी कृतज्ञतेने स्मरावी अशी आहे.

हाडांनंतर या किरणांना खरे क्षेत्र लाभले ते छातीचेच. हवा किरणांना जवळजवळ अडवीत नाही, म्हणून निरोगी फुप्फुस चित्रात काळे उमटते; हृदय व बरगड्या किरण शोषतात, म्हणून ती पांढुरकी दिसतात; आणि हवेच्या जागी पू, पाणी वा गाठ आली, की काळ्या शेतात पांढरा डाग पडतो. बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस विल्यम्स यांनी १८९६ पासूनच पडद्यावर क्षयाच्या छात्या पाहण्यास आरंभ केला होता.

परंतु मोठी फिल्म महाग पडे. ब्राझीलच्या मानुएल द आब्रेऊ यांनी १९३६ मध्ये त्यावर तोड काढली, ती अशी की उजळलेल्या पडद्यावरची छाया साध्या कॅमेऱ्याने छोट्या फिल्मवर टिपावयाची. येथे आपला लोकशब्द अक्षरशः खरा ठरतो: हा छातीचा फोटोच होता! त्याच्या स्वस्ताईमुळे सबंध वस्त्यांची तपासणी आवाक्यात आली. भारतात १९५५ ते १९५८ या काळात झालेल्या क्षयाच्या राष्ट्रीय पाहणीत हेच छोटे फोटो वापरले गेले, आणि क्षय हा शहरांतील दाटीचा रोग या समजाला धक्का बसला. खेड्यांतही त्याचे प्रमाण जवळपास तितकेच निघाले.

पुढे मात्र या तंत्राचे दिवस फिरले. सरसकट सर्वांचे फोटो काढण्याची पद्धत सोडून द्यावी, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९७४ मध्ये दिला, आणि भर थुंकीच्या तपासणीवर आला. तो सल्ला त्या काळापुरता रास्त होता. पण फोटोला कमी लेखण्याची जी वृत्ती त्यातून बळावली, ती मला मान्य नाही. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत असे निष्पन्न झाले, की फोटो काढला नसता तर सुमारे ४२ टक्के क्षयरुग्ण हातचे निसटले असते. रोग त्यांच्या छातीत होता, लक्षणांची तक्रार मात्र त्यांच्या तोंडी नव्हती.

सावलीत दोन उणिवा उपजत असतात. पहिली ही, की पुढचे व मागचे सारे एकाच पातळीवर पडते, आणि हृदयामागची गाठ हृदयातच लपते. ही उणीव हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने दूर केली. १९७१ मध्ये लंडनमध्ये त्याने प्रथम पाहिला तो मेंदू. छाती श्वासागणिक हलते, म्हणून एका श्वासाच्या अवधीत काम उरकणारी यंत्रे येईपर्यंत फुप्फुसांना थांबावे लागले. २०२० पासूनच्या कोविडच्या साथीत महाराष्ट्राच्या घराघरांत ‘स्कोअर किती आला?’ असे विचारले जाई, तो या यंत्राचाच हिशेब होता: फुप्फुसांचे पाच खंड, प्रत्येकास पाच गुण, एकूण पंचवीस.

दुसरी उणीव कोणत्याही यंत्राने पुरती दूर केलेली नाही. सावलीवर तारीख नसते. वीस वर्षांपूर्वी बऱ्या झालेल्या क्षयाचा वण आणि आज उपजलेला डाग एकाच चित्रावरून पुष्कळदा वेगळे ओळखता येत नाहीत. जुने चित्र शेजारी ठेवले, तरच डाग वाढला की जागच्या जागी राहिला, याचा निवाडा होतो. म्हणून वाचकांना माझी विनंती आहे, की कपाटावर पडलेले ते मोठे पाकीट रद्दीत घालू नका. त्यावर नाव व तारीख नीट लिहून ठेवा, आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांकडे जाताना आठवणीने बरोबर न्या.