अळीच्या पेशीत घडलेली लस

‘लसीतून विषाणूच टोचतात,’ ही शंका २०२१ च्या लसीकरणात डिचोलीपासून पेडण्यापर्यंत अनेकांच्या मनात होती. बहुतेकांना मिळालेल्या कोविशील्डपुरती ती अगदीच निराधार नव्हती. त्या कुपीत चिंपांझीच्या सर्दीचा, वाढण्याची क्षमता काढून घेतलेला विषाणू असतो. तो कोरोनाच्या काटेरी प्रथिनाचे जनुक आपल्या पेशींत पोहोचवतो आणि प्रथिन आपल्याच पेशी घडवतात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या ‘कोवोव्हॅक्स’ची रीत मात्र निराळी आहे. तिथे विषाणूचे काम कारखान्यातच संपते आणि कुपीत उतरते ते शुद्ध केलेले प्रथिन.

हे काम करणारा बॅक्युलोव्हायरस शेतकऱ्यांना परका नाही. हरभऱ्यावरील घाटेअळीसाठी फवारले जाणारे ‘एनपीव्ही’ त्याच कुळातले. ते पोटात गेलेली अळी मलूल होऊन झाडाच्या शेंड्याकडे चढते आणि तिथेच उलटी लटकून मरते. माणसाच्या शरीरात हा विषाणू वाढत नाही. उन्हापावसात तगण्यासाठी तो स्वतःभोवती पॉलिहेड्रिन या प्रथिनाचे कवच उभारतो आणि त्याकरिता अळीच्या पेशींना ते प्रथिन अफाट प्रमाणात करायला लावतो. प्रयोगशाळेच्या पात्रात या कवचाची गरजच नसते. अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात मॅक्स समर्स आणि गेल स्मिथ यांनी नेमके हेच हेरले. पॉलिहेड्रिनच्या जागी मानवी इंटरफेरॉनचे जनुक बसवून १९८३ मध्ये त्यांनी कीटकपेशींतून इंटरफेरॉन मिळवले.

जिवाणूंकडून हे काम स्वस्तात होते, इन्सुलिन तसेच बनते. परंतु अनेक प्राणिज प्रथिनांवर शर्करेच्या साखळ्या जडवाव्या लागतात आणि ती कारागिरी नेहमीच्या वापरातील जिवाणूंना जमत नाही. कीटकपेशींना जमते; साखळ्या मानवी पेशींतल्याहून आखूड असतात, एवढेच. शिवाय विषाणू शिरलेल्या पेशी काही दिवसांत मरतात, म्हणून प्रत्येक खेपेला नव्या पेशी वाढवाव्या लागतात.

कोवोव्हॅक्ससाठी वापरलेल्या ‘एसएफ-९’ पेशी मूळच्या अमेरिकन लष्करी अळीच्या कोशातील अंडाशयाच्या. होय, २०१८ मध्ये कर्नाटकात मक्यावर प्रथम आढळलेली आणि पुढे महाराष्ट्रातही पसरलेली तीच अळी! या पेशींतून काढलेल्या प्रथिनाला रिठ्यासारखा फेस देणाऱ्या एका चिली देशातील झाडाच्या सालीतील द्रव्याची जोड दिली जाते, म्हणजे प्रतिकारशक्ती अधिक जागी होते. एका मात्रेत प्रथिन असते अवघे ५ मायक्रोग्रॅम.

भारतात या लसीला डिसेंबर २०२१ मध्ये आपत्कालीन परवानगी मिळाली. तोवर गोव्यातील बहुतेक प्रौढांचे लसीकरण उरकले होते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील ‘सर्व्हारिक्स’ मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून कीटकपेशींतच बनत होती.