पडद्यावरील इतिहास आणि काळीकाठचा प्रेक्षक

मराठ्यांच्या इतिहासात सुपे या नावाची निदान दोन ठाणी आढळतात. पहिले पुणे प्रांतातले, शहाजीराजांच्या जहागिरीतले. शिवाजीमहाराजांनी हे सुपे आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून काढून घेतले. सभासदाने आपल्या बखरीत हा प्रसंग शिमग्याच्या सणाशी जोडून सांगितला आहे, आणि तो मुळातच इतका नाट्यमय आहे की कथा रचणाऱ्यांना त्याचा मोह पडावा यात नवल नाही. दुसरे सुपे उत्तर कन्नड जिल्ह्यात, काळी नदीच्या काठी होते. ‘होते’ असे म्हणावयाचे कारण, ते आज सुपे धरणाच्या जलाशयाखाली आहे. १९७४ ते १९८७ या काळात बांधलेल्या या एकशे एक मीटर उंचीच्या धरणाने जुने गाव पोटात घेतले आणि एके काळचा सुपे तालुका आता जोयडा तालुका म्हणून ओळखला जातो. धरणाच्या पायथ्याशी जी वसाहत आहे, तिचे नाव गणेशगुडी. गुडी म्हणजे कानडीत देऊळ.

कारवार जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. त्यामुळे या घाटमाथ्यावरील अनेक कुटुंबांत घरात कोकणी, बाजारात कानडी आणि वाचावयास मराठी अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. अशा घरातील प्रेक्षक दूरचित्रवाणीवरील ऐतिहासिक मालिका मोठ्या उत्सुकतेने पाहावयास बसतो आणि पुष्कळदा चरफडत उठतो. पुण्याच्या किंवा कोल्हापूरच्या प्रेक्षकापेक्षा त्याची चरफड थोडी निराळी आहे. पुणेकराजवळ शनिवारवाडा उभा आहे. पडद्यावर काही खोटे दिसले तर तो चार पावले चालत जाऊन खरे पाहू शकतो. काळीकाठच्या माणसाचे गावच पाण्याखाली गेले आहे. त्याच्या मुलांना इतिहास भेटतो तो बहुतेक पडद्यावरच.

या मालिकांविषयी जे वाद जाहीरपणे होतात, ते बहुधा नाचण्यागाण्याविषयीचे असतात. २०१५ साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटात काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखविल्या, तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी हरकत घेतली. २०२५ साली ‘छावा’ चित्रपटातील संभाजीमहाराजांचे लेझीम खेळण्याचे दृश्य प्रदर्शनापूर्वीच गाळण्यात आले. दागिने, वस्त्रे, दिवे यांच्यातील चुका काढणारेही पुष्कळ आहेत. हे सारे योग्यच. परंतु खरी गफलत याहून खोल आहे आणि तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही.

भाषेचेच पाहा. शिवकाळावरील मालिकेत सरदारापासून शिपायापर्यंत बहुतेक जण एकच घोटीव, संस्कृतप्रचुर मराठी बोलतात. इतिहासाचार्य राजवाडे यांनी जुन्या पत्रांतील शब्द मोजून पाहिले होते. १६२८ सालच्या पत्रात शुद्ध मराठी शब्द शेकडा चौदाच्या आसपास भरले, बाकीचे फारसी. १६७७ सालच्या पत्रात ते प्रमाण बासष्टांवर गेले आणि १७२८ सालच्या पत्रात त्र्याण्णवांवर. या तीन आकड्यांत केवढे नाटक आहे! शंभर वर्षांत एका राज्याने आपली कारभाराची भाषा पालटली. महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, त्यात रूढ फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पडद्यावरचे मावळे जर आरंभापासूनच तशी भाषा बोलत असतील, तर त्या कोशाची गरजच काय होती, असा प्रश्न चाणाक्ष मुलाने विचारला तर त्याला काय सांगावे? गणेशगुडीच्या प्रेक्षकाला तर हे विशेषच खटकते, कारण दिवसातून तीन भाषा बदलणारी माणसे तो नित्य पाहतो आणि राज्यकर्ता बदलला की चावडीवरची भाषाही बदलते, हे त्याच्या वडीलधाऱ्यांनी १९५६ साली स्वतः अनुभवले आहे.

दुसरी गोष्ट कादंबऱ्यांची. आपल्याकडील ऐतिहासिक मालिका पुष्कळदा कागदपत्रांवरून नव्हे, कादंबरीवरून तयार होतात. यात स्वतः वाईट काही नाही. हरिभाऊ आपट्यांची ‘उषःकाल’ ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः आली, म्हणजे आठवड्याला एक भाग देऊन वाचकाला अडकवून ठेवण्याची विद्या दूरचित्रवाणीने शोधून काढलेली नाही. परंतु कादंबरी वाचणारा आपण कादंबरी वाचत आहोत हे विसरत नाही. लेखकाने माधवरावांच्या मनात शिरून जे लिहिले, ते लेखकाचे आहे हे त्याला ठाऊक असते. तेच वाक्य पेशव्यांच्या पोशाखातील नट मोठ्याने उच्चारतो, तेव्हा ते माधवरावांचे होऊन बसते. बखरीवरून कादंबरी, कादंबरीवरून पटकथा, पटकथेवरून घरोघरीची समजूत. या प्रत्येक पायरीवर ‘कदाचित’ हा शब्द गळत जातो.

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ साली प्रसिद्ध झाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. गजानन जहागीरदारांनी तिच्यावरून केलेल्या मालिकेत रवींद्र मंकणी माधवराव झाले होते आणि मृणाल देव रमाबाई. ती मालिका पाहिलेल्यांच्या मनात पेशव्याचा चेहरा आजही मंकणींचाच आहे, यावरून तिचे सामर्थ्य कळावे. ते मान्य करूनही एक गोष्ट उरते. ‘स्वामी’चा जीव रमामाधवांच्या संसारात आणि काकापुतण्यांच्या बेबनावात आहे, कर्नाटकातील मोहिमा तिच्यात दूरच्या वाटतात. काळीकाठच्या माणसाला मात्र त्या मोहिमाच जवळच्या, कारण त्या त्याच्या शेजारी घडल्या. १७६४ च्या मे महिन्यात रट्टेहळ्ळीस हैदराशी लढाई झाली. पावसाळा आला तरी पेशव्यांचे लष्कर कर्नाटकातच छावणी करून राहिले. नोव्हेंबरात धारवाड घेतले आणि पुढल्या मार्चात तह झाला. तेव्हा हा पेशवा वीस वर्षांचा होता.

या मोहिमांविषयी कल्पना लढविण्याची गरजही फारशी नाही. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांचे दप्तर चाळून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. त्यातील पत्रांत छावणीचे जिणे आहे: दाणावैरण, पाऊस, आजारपण, पैशांची तंगी, घरची काळजी. आणि गंमत अशी की हे खरेशास्त्री स्वतः नाटककार होते. ‘गुणोत्कर्ष’ आणि ‘शिवसंभव’ ही नाटके त्यांचीच. ज्या हाताने पत्रे वाचून छापली, त्याच हाताने संवादही लिहिले. तेव्हा संशोधक आणि नाटककार यांचे हाडवैर असते, हे कारण कोणी पुढे करू नये. जेथे पत्र बोलते आहे तेथे ते बोलू द्यावे आणि जेथे कागद मुका आहे तेथे कल्पनेला पाठवावे, एवढाच प्रश्न आहे. पडद्यावर होते ते बहुधा उलट. उपलब्ध पत्रे बाजूला राहतात, त्यांच्या जागी दिवाणखान्यातील कारस्थाने येतात. आणि जेथे खरोखर कल्पनेची गरज, तेथे कॅमेरा जातच नाही.

हैदराची गोष्ट याहून मजेची आहे. सीमेवरील घरात दोन हैदर येऊन गेले. एक मराठी कादंबरीचा, पेशव्यांचा कपटी शत्रू. दुसरा १९९० साली राष्ट्रीय दूरदर्शनवर आलेल्या टिपू सुलतानावरील हिंदी मालिकेतला, नायकाचा पराक्रमी पिता. ही दुसरी मालिकाही भगवान गिडवानी यांच्या कादंबरीवरूनच केलेली होती. तिच्याविषयीचा वाद न्यायालयापर्यंत गेला आणि अखेर ही कल्पित कथा आहे असे निवेदन मालिकेसोबत करणे भाग पडले. म्हणजे एकाच घरातील एकाच पेटीने एकाच माणसाची दोन चित्रे दाखविली, दोन्ही कादंबरीतून उचललेली आणि दोन्ही इतिहास म्हणून पाहिलेली. मुंबईच्या किंवा म्हैसूरच्या प्रेक्षकाला यांतील एक पुरते. गणेशगुडीच्या प्रेक्षकाला दोन्ही मिळाली, म्हणूनच कदाचित त्याचा विश्वास लवकर उडाला. हा त्याचा तोटा म्हणावा की लाभ, हे ठरविणे कठीण आहे.

या दोन हैदरांच्या मध्ये एक तिसरा माणूस सापडला होता, त्याची गोष्ट मात्र राहून गेली. तो सोंद्याचा राजा. सुपे आणि त्याखालचा घाट सोंद्याच्या राज्यात मोडत असे. माधवराव आणि हैदर यांची गाठ पडण्याच्या सुमारासच, १७६३-६४ मध्ये, हैदराच्या फौजांनी सोंदे घेतले. राजा इम्मडी सदाशिव आपल्या कुटुंबासह घाट उतरून गोव्यात पोर्तुगीजांच्या आश्रयास गेला. घाटाखालचा त्याचा मुलूख, म्हणजे फोंडे, सांगे, केपे, काणकोण हा भाग पोर्तुगीजांच्या नव्या काबिजातींत जमा झाला. घराणे बांदिवड्यास स्थायिक झाले. तीन सत्तांच्या चिमटीत सापडलेला एक लहानसा राजा, मागे हैदराचे सैन्य, पुढे परधर्मी परका आश्रयदाता, आणि पेशव्यांची फौज पलीकडेच धारवाडच्या बाजूस. त्या रात्री घाट उतरताना त्या घरातील बायकामुले काय बोलली असतील, हे कोणत्याही कागदात नाही. कादंबरीकाराने खुशाल रचावे, आणि मालिकाकाराने तिच्यावरून वर्षभर भाग काढावेत, इतके त्यात सामावले आहे.

सोंदेकरांच्या सदाशिव या नावाची एक ठळक खूण आज उरली आहे. सुप्याच्या धरणातून सुटलेली काळी गणेशगुडीवरून वाहत जाऊन कारवारजवळ समुद्राला मिळते, त्या मुखावरच्या किल्ल्याचे नाव सदाशिवगड. तो डोंगर चिरून आता राष्ट्रीय महामार्ग गेला आहे.