साखरेची चढउतार



आपल्या श्रीरामपूरच्या चारी बाजूंना साखरेचे कारखाने उभे राहिले. हरेगाव, टिळकनगर, अशोकनगर आणि पलीकडे प्रवरानगर. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले, प्रवरेचे पाणी कालव्यांनी खाली उतरले, उसाचे मळे वाढले, आणि त्या उसाच्या मागून आपल्यापैकी कितीतरी घरे या गावात आली. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला सहकारी कारखाना, त्याचा १९५०-५१ चा पहिला हंगाम, हा इतिहास आपणां सर्वांना पाठ आहे. मी आज दुसऱ्या साखरेचा इतिहास सांगणार आहे. ती रक्तातली साखर. शाळा मी लवकर सोडली. जे वाचले ते वाचनालयात, रात्री. तेव्हा मी डॉक्टर नव्हे, रोगी म्हणून बोलतो आहे, हे आधीच सांगून टाकतो.

मी इन्सुलिनवर आहे. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या फाटकासमोर आमची सभा होती. सकाळी इन्सुलिन टोचून निघालो, व्यवस्थापनाशी बोलणी लांबली, जेवण राहून गेले. सभेत बोलता बोलता जीभ जड झाली, सदरा घामाने भिजला, एकच मागणी मी तीनदा सांगितली. समोरून कोणीतरी म्हणाले, "नेते आज घेऊन आलेत!" एका जुन्या कामगाराला मात्र उमज पडली. त्याने टपरीवरून पाण्यात साखर ढवळून आणली. पंधरा-वीस मिनिटांत मी माणसांत आलो. घरी गेल्यावर धास्तीने दिसेल ते खाल्ले, आणि रात्री साखर तीनशेच्या वर. सकाळी रसातळाला, रात्री माडीवर! हे असे का होते, हे शोधताना मी या इतिहासापर्यंत पोहोचलो.

मधुमेह आपल्या वैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांत त्याचे वर्णन आहे. परंतु शरीरात नेमके बिघडते कुठे, याचा पत्ता १८८९ मध्ये लागला. मेरिंग आणि मिन्कोव्स्की या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढले, आणि त्याला मधुमेह झाला. त्या पिंडातले औषध हाती यायला आणखी बत्तीस वर्षे लागली. १९२१ च्या उन्हाळ्यात कॅनडातील टोरांटो येथे बँटिंग हा तरुण शल्यवैद्य आणि बेस्ट हा विद्यार्थी कामाला लागले. प्रयोगशाळा प्राध्यापक मॅक्लाउड यांची. वर्षाअखेरीस कॉलिप हा रसायनज्ञ त्यांना येऊन मिळाला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मरणोन्मुख मुलाला पहिली सुई टोचली. अर्क अशुद्ध होता, गुण नाममात्र आला. कॉलिपने तो शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा टोचला, आणि मुलाची साखर उतरली. तो पुढे तेरा वर्षे जगला. पेटंटाचे हक्क या मंडळींनी विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, हे माझ्यासारख्या चळवळीतल्या माणसाला विसरता येत नाही.

पण या कथेचा एक कोपरा क्वचितच सांगितला जातो. कॉलिप अर्काची ताकद सशांवर तपासत असे. मात्रा जास्त झाली की ससा आकडी येऊन पडे, आणि ग्लुकोज टोचले की उठून बसे. पुढे इन्सुलिनचे माप, ज्याला आपण युनिट म्हणतो, ते प्रथम ठरले ते याच सशांवरून: उपाशी सशाची साखर आकडीच्या पातळीपर्यंत खाली आणील इतकी मात्रा. म्हणजे पाहा, ज्या मापाने आम्ही रोज औषध मोजतो, त्या मापाचा जन्मच साखर उतरण्याच्या धोक्यातून झाला आहे. तारणारे आणि पाडणारे औषध पहिल्या दिवसापासून एकच.

निरोगी माणसाचे स्वादुपिंड घटकेघटकेला साखर पाहते आणि लागेल तेवढेच इन्सुलिन सोडते. आम्ही ते काम दिवसातून दोन-चार सुयांवर अंदाजाने करतो. कातडीखाली गेलेले इन्सुलिन परत काढून घेता येत नाही. ऊन लागले, अंग तापले, तर ते लवकर भिनते. मेहनत केली तर स्नायू साखर ओढतात, आणि कधी कधी तो परिणाम रात्री झोपेत होतो. ताप आला, मन धास्तावले, तर साखर चढते. एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाल्ली तर तीही चढवते, उपास असला तरी! अमेरिकेतील जॉस्लिन या थोर वैद्याने आहार, व्यायाम आणि इन्सुलिन यांना एका रथाचे तीन घोडे म्हटले होते. एक घोडा उधळला की रथ गेला.

१९३६ मध्ये डेन्मार्कच्या हागेडॉर्नने हळूहळू भिनणारे इन्सुलिन तयार केले, आणि १९४६ मध्ये आज एनपीएच म्हणतात ते आले. सुया कमी झाल्या, पण नवे बंधन आले. हे इन्सुलिन टोचल्यावर काही तासांनी भरात येते. त्या वेळी पोटात अन्न हवेच. इन्सुलिन जेवणाची वाट पाहत नाही. ज्यांची साखर फारच खालीवर होते, त्यांच्या रोगाला वुडयाट या वैद्याने १९३०च्या दशकात 'ठिसूळ' मधुमेह म्हटले. १९३८ मध्ये सोमोजीने असे मांडले की रात्री साखर फार उतरली तर शरीर घाबरून ती चढवते, म्हणून सकाळची चढती साखर पाहून इन्सुलिन वाढवणे धोक्याचे. असे प्रत्येक वेळी घडत नाही, पहाटेची साखर इतर कारणांनीही चढते, हे पुढे दिसून आले. निवाडा करायचा तर रात्री तीन वाजता उठून साखर मोजावी लागते. अंदाजाने भागत नाही.

आणि मोजणार कसे? अनेक दशके लोक लघवी तपासत. बेनेडिक्टच्या निळ्या द्रावणात उकळली की हिरवा, पिवळा, विटकरी रंग येई. पण लघवी सांगते ती काही तासांपूर्वीची गोष्ट, आणि साखर उतरली हे तर ती सांगूच शकत नाही. रक्त मोजणारे यंत्र १९७०च्या सुमारास दवाखान्यांत आले, आणि त्या दशकाच्या अखेरीस रोग्यांच्या घरी. १९९३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील १,४४१ रोग्यांवरील मोठी पाहणी संपली. साखर काटेकोर आवरली तर डोळे, मूत्रपिंडे, नसा वाचतात, हे सिद्ध झाले. त्याच पाहणीने असेही दाखवले की काटेकोरपणात साखर गंभीरपणे उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट होतात. म्हणजे सशांची गोष्ट पुन्हा तीच!

आता माझ्या मूळ धंद्याकडे येतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने असे ठरवले होते की अर्ध्या तासाच्या विश्रांतीशिवाय कामगाराकडून सलग पाच तासांहून अधिक काम घेऊ नये. कायदा करणाऱ्यांच्या मनात मधुमेही नसावा, पण त्याचा जीव या अर्ध्या तासावर लटकलेला असतो. हंगामात तीन पाळ्या चालतात. पाळी बदलली की जेवणाची वेळ बदलते, सुईची वेळ बदलते. बदली कामगार वेळेवर न आल्यास दुसरी पाळीही गळ्यात पडते. ऊसतोडीला आलेल्या माणसाला तर घड्याळही नाही आणि शीतकपाटही नाही. इन्सुलिन त्याने मडक्याच्या गारव्यात जपावे लागते. आणि आमचा कामगार करतो काय? रोग लपवतो. मुकादमाला कळले तर काम जाईल, या भीतीने तो सुई चुकवतो किंवा टोचून उपाशी राहतो. मग बॉयलरजवळ चक्कर येते, आणि त्याला दारुड्या ठरवतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे, आणि एकदा स्वतः ऐकले आहे.

म्हणून चार गोष्टी सांगून थांबतो. इन्सुलिन घेणाऱ्याने खिशात साखर ठेवावी, आणि शेजारच्या सोबत्याला रोगाची कल्पना द्यावी. घाम, थरथर, बरळणे दिसले आणि माणूस शुद्धीवर असला तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. बेशुद्ध असला तर तोंडात काही ओतू नये, तडक दवाखाना गाठावा. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरला ४० युनिटांचे, तर पेनमधले १०० चे असते. सिरिंज त्या त्या मापाचीच हवी, नाहीतर अडीचपट मात्रा अंगात जाईल. मात्रा मात्र डॉक्टरांना विचारूनच बदलावी.

आणि संघटनेने काय करावे? पगारवाढीच्या मागणीपत्रात एक कलम घालावे: ज्याला सुई आहे, त्याला जेवणाची ठरलेली वेळ आणि साखर मोजायला पाच मिनिटे. येत्या हंगामाच्या मागणीपत्रात ते कलम मी स्वतः लिहिणार आहे, आणि त्याखाली माझ्या रोगाचे नाव लपवणार नाही.